इशारा पातळी, धोका पातळी

पावसाळा लागला की रायगड जिल्ह्यात एक छोटा तक्ता फिरू लागतो. अलिबागच्या जिल्हा प्रशासनाकडून तो निघतो आणि तहसील कचेरी, तलाठी, पत्रकार, पोलीस पाटील असे टप्पे घेत गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांवर येऊन पडतो. त्यात सहा नद्या असतात. कुंडलिका डोलवहाळ बंधाऱ्यापाशी, अंबा नागोठण्याला, सावित्री महाडला, पाताळगंगा लोहोपला, उल्हास कर्जतला आणि गाढी पनवेलला. प्रत्येकीच्या नावापुढे इशारा पातळी, धोका पातळी आणि त्या घटकेला मोजलेली पातळी. कुंडलिकेची धोका पातळी २३.९५ मीटर, अंबेची ९ मीटर. मोजणीची वेळही लिहिलेली असते.

हा तक्ता वाचायला रोह्यात कुणाला शिकवावे लागत नाही. कुंडलिका रोहा आणि अष्टमी यांच्या मधून वाहते, वर भिऱ्याच्या वीजगृहातून सुटलेले पाणीही तिच्यातच येते, त्यामुळे नदी कधी फुगेल याचा अंदाज नदीकाठच्या घरांना पिढ्यांपासून ठेवावा लागतो. नागोठण्यात अंबेचे पाणी एसटी स्थानकात आणि बाजारपेठेत शिरते. पातळी आठ मीटरवर आली की दुकानदार खालचा माल वर चढवतो, नऊच्या जवळ गेली की शटर ओढून घरी जातो. आकडा वाचला आणि हात कामाला लागले, इतके त्या दोघांतले अंतर कमी आहे.

२०२० च्या उन्हाळ्यापासून याच जिल्ह्यात कोविडच्या साथीचा दुसरा एक तक्ता रोज संध्याकाळी येऊ लागला. त्यात नद्यांच्या जागी तालुके होते. पनवेल महापालिका, पनवेल ग्रामीण, उरण, खालापूर, कर्जत, पेण, अलिबाग, मुरूड, माणगाव, तळा, रोहा, सुधागड, श्रीवर्धन, म्हसळा, महाड, पोलादपूर. प्रत्येकापुढे आजचे नवे रुग्ण, बरे झालेले, उपचार घेत असलेले, मृत. पुढची दोन वर्षे लोकांनी हा तक्ता नदीच्या तक्त्यापेक्षा जास्त उत्सुकतेने आणि जास्त भीतीने उघडला. पण त्यात इशारा पातळी नव्हती, धोका पातळीही नव्हती. पेणपुढे चाळीस लिहिले असेल तर उद्या बाजारात जावे की नाही, आजीला पनवेलला तपासणीसाठी न्यावे की थांबावे, हे त्या आकड्यावरून ठरत नव्हते. साथीच्या काळातली माहिती लोकांच्या उपयोगी कशी पडते आणि कशामुळे वाया जाते, याचा अभ्यास करायचा तर पेण आणि रोहा या दोन तालुक्यांइतके चांगले ठिकाण क्वचित सापडेल.

राज्याचे रोजचे पत्रक वेगळे होते. त्यात जिल्हे आणि महापालिका मंडळानुसार मांडलेल्या असत. रायगड आणि पनवेल महापालिका हे दोन्ही ठाणे मंडळात, मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या रांगेत. मुंबईचे हजारांत जाणारे आकडे वाचून झाल्यावर रायगडवर नजर जाई. पेण आणि रोहा त्या पत्रकात दिसतच नसत. ते दिसत फक्त अलिबागच्या तक्त्यात. जिल्ह्याच्या पत्रकाचे मोल इथे होते, आणि त्याची कधी पुरेशी दखल घेतली गेली नाही. २०११ च्या जनगणनेत रायगडची लोकसंख्या २६ लाखांच्या वर होती. त्यातले साडेसात लाख एकट्या पनवेल तालुक्यात. पेण दोन लाखांच्या आत, रोहा पावणेदोन लाखांच्या आत. त्यामुळे ‘रायगडमध्ये रुग्ण वाढले’ या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा पनवेलच्या खारघर, कामोठे, कळंबोलीत रुग्ण वाढले असा असे. रोह्याच्या धामणसई खोऱ्यात किंवा पेणच्या पूर्वेकडच्या डोंगरी वाड्यांमध्ये त्या दिवशी काय चालले आहे, ते या वाक्यातून कळत नसे.

आणि तो दिवससुद्धा ‘तो दिवस’ नसे. सोमवारी घसा खवखवला, बुधवारी रुग्ण पेणच्या किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात आला, स्वॅब घेतला. सुरुवातीच्या काळात नमुने मुंबईच्या प्रयोगशाळांकडे जात, पुढे अलिबागला सोय झाली. अहवाल एक-दोन दिवसांनी, गर्दी असेल तर आणखी उशिरा. मग नोंद पोर्टलवर, मग पत्रकात. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचे दिवस धरले तर आज छापलेला आकडा साधारण आठवड्या-दीड आठवड्यापूर्वीच्या संसर्गाचा. डोलवहाळच्या पट्टीवर आत्ताचे पाणी दिसते; साथीच्या पत्रकात वाहून गेलेले पाणी दिसते.

मृत्यूंच्या बाबतीत ही दरी आणखी रुंद होती. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने आधी नोंद न झालेले १,३२८ मृत्यू एका दिवसात यादीत घातले, त्यातले ८६२ मुंबईतले. मृत्यू जुने होते, नोंद नवी होती. पुढे राज्याच्या पत्रकात एक रुक्ष दिसणारी ओळ रोज येऊ लागली. आज नोंदवलेल्या मृत्यूंपैकी किती गेल्या ४८ तासांतले, किती गेल्या आठवड्यातले आणि किती त्याहून जुने, हे ती सांगे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना ती ओळ नकोशी असे, दूरचित्रवाणीवर ती फारशी वाचली जात नसे. तरी त्या संपूर्ण पत्रकातली सर्वांत प्रामाणिक ओळ तीच होती. आकड्याचे वय सांगणारी.

विषाणूने रूप बदलायला सुरुवात केल्यावर हे वय ओळखणे आणखी गरजेचे झाले.

महाराष्ट्रात त्याची सुरुवात विदर्भातून दिसली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत रुग्ण इतक्या झपाट्याने वाढले की २२ फेब्रुवारीपासून तिथे पुन्हा टाळेबंदी लावावी लागली. बाकीचा महाराष्ट्र तेव्हा लग्नसराईच्या तयारीत होता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्चला जाहीर केले की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत डिसेंबरच्या तुलनेत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल वाढले आहेत आणि ते १५ ते २० टक्के नमुन्यांत सापडले आहेत. माध्यमांनी त्याला ‘डबल म्युटंट’ म्हटले. शास्त्रीय नाव बी.१.६१७. त्याचीच एक शाखा, बी.१.६१७.२, पुढे जगभर पसरली आणि ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तिला डेल्टा हे नाव दिले. म्हणजे अमरावतीचे दवाखाने भरल्यानंतर महिन्याभराने कारणाची पहिली अधिकृत चाहूल, आणि दुसरी लाट ओसरू लागल्यावर नाव.

हा उशीर कुणाच्या आळसामुळे झाला असे म्हणता येणार नाही. काम मुळातच सावकाशीचे आहे. आरटीपीसीआर चाचणी विषाणूचे एक-दोन ठरावीक तुकडे शोधते आणि आहे-नाही एवढे सांगते. कोणता प्रकार आहे हे कळायला सुमारे तीस हजार अक्षरांची त्याची सगळी जनुकीय संहिता वाचावी लागते. त्यासाठी नमुन्यात विषाणू भरपूर हवा, नमुना प्रवासभर थंड राहायला हवा, प्रयोगशाळेत पुरेसे नमुने जमून यंत्राची एक फेरी भरायला हवी आणि मग निघालेल्या संहितेची आधीच्या हजारो संहितांशी तुलना व्हायला हवी. केंद्राने यासाठी डिसेंबर २०२० मध्ये प्रयोगशाळांचे एक जाळे उभे केले, पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था त्यातली एक. महाराष्ट्राने पुढे प्रत्येक जिल्ह्यातून महिन्याला शंभर नमुने पाठवायची पद्धत ठरवली. शंभर नमुने जिल्ह्याचे. रायगडला तालुके पंधरा. पेणच्या वाट्याला त्यातले किती येणार?

दरम्यान डेल्टा कुणाच्या नावा-गावाची वाट पाहत नव्हता. मूळ विषाणूचा एक रुग्ण, कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात, सरासरी दोन ते तीन जणांना लागण देई. डेल्टाच्या बाबतीत हा आकडा पाचच्या आसपास गेला. त्याच्या काट्यासारख्या प्रथिनावरचा पी६८१आर हा बदल त्याला पेशीत शिरायला मदत करतो असे पुढच्या अभ्यासांत दिसले. घरातला एक बाधित झाला की सगळे घर बाधित होते, हे पेण-रोह्यातल्या आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकांनी, कोणताही शोधनिबंध वाचण्याआधी वहीत टिपलेले होते. १८ एप्रिल २०२१ रोजी राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. ऑक्सिजन हा शब्द त्या दिवसांत प्रत्येक घरात उच्चारला गेला, आणि पेण तालुक्याचा त्याच्याशी थेट संबंध आला. डोलवीचा पोलाद कारखाना पेण तालुक्यातलाच. पोलाद बनवायला लागणारा ऑक्सिजन तयार करणारे तिथले संयंत्र आता दवाखान्यांसाठी द्रवरूप ऑक्सिजन देऊ लागले आणि वडखळ नाक्यावरून त्याचे टँकर जाताना लोक पाहू लागले.

त्या काळात सर्वाधिक जीव कोणत्या माहितीने वाचवले, असे विचारले तर उत्तर जनुकीय अहवालाकडे जात नाही. ते ऑक्सिमीटरकडे जाते. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यभर निघाली तेव्हा आशाताई आणि अंगणवाडी सेविका तापमापक आणि बोटाला लावायचे यंत्र घेऊन दारोदार फिरल्या. त्या यंत्रावरचा आकडा नदीच्या तक्त्यासारखा होता. ९८ असेल तर निश्चिंत, ९५ वर लक्ष ठेवा, ९४ च्या खाली गेला तर दवाखाना गाठा. तो आकडा आत्ताचा होता, त्याला पातळी होती आणि पुढे काय करायचे ते त्याच्याबरोबर सांगितलेले होते. दम लागलेला नसतानाही ऑक्सिजन घसरत असतो, ही या आजाराची सर्वांत फसवी गोष्ट खेड्यातल्या माणसाला समजली ती त्या छोट्या लाल आकड्यामुळे.

सरकारी पत्रकात अशी पातळी प्रथम आली ती ४ जून २०२१ च्या आदेशाने. निर्बंध उठवण्यासाठी राज्याने पाच स्तर ठरवले आणि त्यांचे निकष आधीच जाहीर केले. चाचण्यांतला बाधितांचा दर पाच टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या खाटा पंचवीस टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर. दर वीस टक्क्यांच्या वर किंवा खाटा पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त भरलेल्या असतील तर पाचवा. दर आठवड्याला आढावा, सोमवारपासून अंमल. रायगड चौथ्या स्तरात बसला. पहिल्या आढाव्याच्या सुमारास बाधितांचा दर तेरा टक्क्यांच्या पुढे होता. चौथा स्तर म्हणजे जीवनावश्यक वस्तूंची दुकाने दुपारी चारपर्यंत आणि बाकीची बंद. रोह्याच्या कापड दुकानदाराला आणि पेणच्या भांडीवाल्याला दुकान बंद का आहे, आणि कोणता आकडा कुठे आला की उघडेल, हे पहिल्यांदाच आधी ठाऊक झाले. नियम जाचक होता, पण त्याचा हिशेब उघड होता. साथीच्या दोन वर्षांत प्रशासनाने केलेल्या चांगल्या कामांत हे एक मोजायला हवे.

हिशेबात मात्र एक मोठी खोट होती, आणि लहान तालुक्यांना ती जास्त बोचली. बाधितांचा दर म्हणजे शंभर चाचण्यांत किती जण बाधित निघाले. समजा एखाद्या गावात ज्यांना ताप-खोकला आहे अशा चाळीस जणांचीच तपासणी केली आणि सहा बाधित निघाले, तर दर पंधरा टक्के. त्याच गावात आठवडी बाजारात शिबिर लावून ठणठणीत असलेल्या आणखी शंभर जणांचे स्वॅब घेतले आणि त्यांतला एकच निघाला, तर दर थेट पाच टक्क्यांवर येतो. आजार तेवढाच राहतो, फक्त भागणारी संख्या बदलते. दर वाचताना चाचण्या किती आणि कुणाच्या, हे विचारलेच पाहिजे. शिवाय स्तर संपूर्ण जिल्ह्याचा एक होता. पनवेलच्या मॉलला आणि कोकबनच्या किराणा दुकानाला तोच नियम लागला. कर्जतला उल्हासची पातळी वाढली म्हणून नागोठण्याचा बाजार कुणी उठवत नाही. साथीत मात्र तसे होत राहिले.

या गदारोळातच २१ जून २०२१ ला तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितले की राज्यात डेल्टा प्लसचे २१ रुग्ण सापडले आहेत. रत्नागिरीत नऊ, जळगावात सात, मुंबईत दोन आणि पालघर, ठाणे, सिंधुदुर्गात प्रत्येकी एक. डेल्टाच्या काट्यावर के४१७एन हा आणखी एक बदल झाला की डेल्टा प्लस. दुसऱ्याच दिवशी केंद्राने त्याला चिंताजनक प्रकार ठरवले, आणि २५ जूनला राज्याने नवा आदेश काढून कोणताही जिल्हा तिसऱ्या स्तराच्या खाली आणता येणार नाही असे केले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ही नावे ऐकताच रायगडमध्ये काळजी पसरणे साहजिक होते. मुंबई-गोवा महामार्ग पेणवरून जातो, कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासून सुरू होते. मुंबईहून कोकणात जाणारा आणि तिथून येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस या दोन तालुक्यांतून जातो.

ही बातमी समजावून सांगायला दारावर येणारी व्यक्ती मात्र त्या आठवड्यात रस्त्यावर उतरली होती. राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा १५ जूनपासून संपावर होत्या. वर्षभर त्यांनी ताप मोजले, संपर्कातले लोक शोधले, विलगीकरणातल्या घरांना औषधे पोहोचवली, शिव्याही खाल्ल्या, आणि मोबदला तुटपुंजा. दरमहा हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता कबूल झाल्यावर २३ जूनला संप मिटला. डेल्टा प्लसचे नाव महाराष्ट्राने ऐकले ते नेमके याच नऊ दिवसांत. त्यामुळे अनेक वाड्या-वस्त्यांवर ते आधी मोबाइलवरून पोहोचले, माणसाच्या तोंडून नंतर. साथीच्या माहितीची यंत्रणा म्हणजे पत्रक काढणारे कार्यालय असे समजले जाते. पेण-रोह्यासारख्या तालुक्यात ती यंत्रणा म्हणजे उपकेंद्राची परिचारिका आणि गावची आशा. त्यांचा मोबदला हा आरोग्य संवादाचा प्रश्न आहे, कामगार खात्याच्या फायलीतला किरकोळ मुद्दा नव्हे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात डेल्टा प्लस रायगडमध्ये आल्याचे कळले, तेही मृत्यूच्या बातमीतून. १३ ऑगस्टच्या सुमारास राज्यातले रुग्ण ६६ झाले होते आणि मृत्यू पाच: रत्नागिरीत दोन, बीड, मुंबई आणि रायगडमध्ये प्रत्येकी एक. रायगडचा मृत्यू रोहा तालुक्यातल्या नागोठण्याचा. एका दिवसात नागोठण्याचे नाव राज्यभर गेले. अशा बातमीचा धक्का मोठा असतो, कारण गाव ओळखीचे असते. पण ती समजून घ्यायला तारखा पाहाव्या लागतात. मुंबईतल्या रुग्णाचे उदाहरण घेऊ. मृत्यू २७ जुलैचा, जनुकीय अहवाल हाती आला ११ ऑगस्टला. पंधरा दिवस. तोपर्यंत त्या घरातल्या बाकीच्यांचा विलगीकरणाचा काळ संपत आलेला असतो. जनुकीय अहवाल रुग्णाच्या उपचारासाठी नसतोच, तो साथीची दिशा ओळखण्यासाठी असतो. ही गोष्ट पत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवी होती. ६६ हा आकडाही राज्यातल्या डेल्टा प्लसच्या सगळ्या रुग्णांचा नव्हता, तो वाचल्या गेलेल्या नमुन्यांत सापडलेल्यांचा होता. ज्या जिल्ह्यातून नमुने जास्त गेले तिथे रुग्ण जास्त दिसले. जळगाव आणि रत्नागिरी शोधत होते, म्हणून त्यांना सापडले.

त्या आठवड्यात नागोठण्यातल्या माणसाला सर्वांत उपयोगी पडणारी माहिती वेगळीच होती, आणि ती उपलब्धही होती. ब्रिटनमधल्या अभ्यासातून दिसले होते की डेल्टामुळे लक्षणे असलेला आजार होण्यापासून लशीचा एक डोस जेमतेम तीस टक्के संरक्षण देतो. अॅस्ट्राझेनेकाचे, म्हणजे आपल्याकडच्या कोविशील्डचे, दोन डोस झाले की ते सदुसष्ट टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडे मे महिन्यापासून दोन डोसमधले अंतर बारा ते सोळा आठवड्यांचे झाले होते, त्यामुळे ऑगस्टमध्ये गावागावात एकच डोस झालेले असंख्य लोक होते आणि त्यांतल्या अनेकांना आपण सुरक्षित झालो असे वाटत होते. ‘डेल्टा प्लसचा बळी’ या मथळ्याखाली ‘एकच डोस झाला असेल तर दुसऱ्याची तारीख चुकवू नका आणि तोवर मुखपट्टी काढू नका’ हे एक वाक्य ठळक छापले असते, तर भीतीला काम मिळाले असते. डेल्टा प्लस पुढे फारसा पसरलाच नाही. लोकांना आजारी पाडत राहिला तो साधा डेल्टा, ज्याच्याबद्दल तोपर्यंत लोक ऐकून कंटाळले होते.

पेणला त्याआधी जूनमध्ये आणखी एका माहितीची वाट पाहावी लागली होती. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे या भागातल्या कारखान्यांत वर्षाला लाखो गणेशमूर्ती घडतात आणि देशभर, परदेशातही जातात. काम जवळजवळ वर्षभर चालते. साचे, सुकवण, आखणी, रंग, एकामागून एक. राज्याने सार्वजनिक मूर्तीला चार फूट आणि घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली. २०२० मध्ये हे परिपत्रक ११ जुलैला निघाले, २०२१ मध्ये २९ जूनला. त्या वर्षी गणेश चतुर्थी होती १० सप्टेंबरला. गर्दी टाळण्याचा हेतू योग्यच होता. मोठी मूर्ती म्हणजे मोठी मिरवणूक. पण जूनअखेरीस हमरापूरच्या शेडमध्ये जी मूर्ती सहा फुटांची होऊन उभी असते तिला परिपत्रक निघाले म्हणून चार फुटांची करता येत नाही. मोठ्या मूर्तींत अडकलेले भांडवल, त्यासाठी काढलेले कर्ज, कारागिरांची मजुरी, यांचा भार पेणने उचलला. आरोग्याची सूचना योग्य वेळी मिळणे म्हणजे फक्त रुग्णसंख्या वाढण्याआधी मिळणे नव्हे. ज्याच्या कामावर ती पडणार आहे त्याच्या हंगामाआधी मिळणे, हेही त्यातच आले. दुसऱ्या वर्षी हे करणे शक्य होते.

हंगामाचा प्रश्न कातकरी वाड्यांवर आणखी तीव्र होतो. पेण, रोहा, सुधागडच्या डोंगरपट्ट्यातली अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लसीकरणाची यादी गावच्या पत्त्यावर, माणूस दुसऱ्या जिल्ह्यात. नोंदणीला स्मार्टफोन आणि ओटीपी, वाडीवर धड रेंज नाही. सुईबद्दलच्या अफवांना मात्र भट्टीवर पोहोचायला रेंज लागत नव्हती. अशा ठिकाणी फरक पडला तो ओळखीच्या माणसामुळे. वाडीतल्याच एखाद्या बाईने सगळ्यांदेखत डोस घेतला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली, तर त्याचा जो परिणाम होई तो कोणत्याही ध्वनिफितीचा झाला नाही.

रेंज तर सगळ्यांचीच जाऊ शकते, हे रायगडने ३ जून २०२० ला अनुभवले होते. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले, विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे गप्प झाले. दक्षिण रायगडचे कित्येक भाग दिवसचे दिवस अंधारात होते. साथ चालूच होती. छप्पर उडालेली माणसे शाळांत एकत्र राहिली, आणि अंतर राखा ही सूचना अर्थहीन झाली. त्या दिवसांत रोजचा तक्ता निघाला तरी तो वाचणार कोण? हातगाडीवरचा भोंगा, देवळासमोरचा फळा, मशिदीवरून दिलेली सूचना आणि दवंडी ही साधने मोडीत काढायची नसतात.

ओमायक्रॉन या नव्या प्रकाराच्या वेळी माहितीचा वेग बदलला. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ ला जगाला कळवले, दोन दिवसांत नाव मिळाले, आणि ४ डिसेंबरला डोंबिवलीत महाराष्ट्राचा पहिला रुग्ण जाहीर झाला. तो प्रवासी २४ नोव्हेंबरलाच मुंबईत उतरला होता. अमरावतीच्या वेळी जो टप्पा महिन्याभराचा होता तो दहा दिवसांवर आला. पण याच लाटेने जुने मोजमाप निकामी केले. पुण्याच्या मायलॅबचा घरच्या घरी करायचा चाचणी संच २०२१ च्या मध्यापासून बाजारात आलेला होता. ७ जानेवारी २०२२ ला मुंबईत २०,९७१ रुग्ण नोंदले गेले, त्याच वेळी घरात चाचणी करून कुठेच न कळवलेले किती असतील याची गणती नव्हती. नोंदलेल्या रुग्णसंख्येपेक्षा दवाखान्यात दाखल किती, ऑक्सिजनवर किती, हे विचारणे शहाणपणाचे ठरले. साथ बदलली की पट्टीही बदलावी लागते, आणि बदलली आहे हे लोकांना सांगावे लागते. ते सांगितले न गेल्यामुळे काहींना ओमायक्रॉन डेल्टाइतकाच भयंकर वाटला, आणि काहींना आधीचे सगळेच खोटे वाटले.

डिसेंबर २०२३ मध्ये जेएन.१ हा ओमायक्रॉनचा वंशज राज्यात प्रथम सापडला तो सिंधुदुर्गात. बातमी आली तेव्हा पेण-रोह्यात तालुकावार तक्ता बंद होऊन बराच काळ लोटला होता. पुण्यात मात्र एक वेगळी नोंद सुरू राहिली होती. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्था शहराच्या सांडपाण्यात विषाणूचे अंश शोधत होत्या. बाधित माणसाच्या विष्ठेतून ते गटारात येतात, त्याला लक्षणे असोत वा नसोत, त्याने चाचणी केलेली असो वा नसो. एका नमुन्यात हजारो घरांची हालहवाल कळते आणि दवाखाने भरण्याच्या आधी वाढ दिसू शकते. यासाठी गटारांचे एकत्र येणारे जाळे लागते, आणि ते मोठ्या शहरांत असते. तरी पेण आणि रोहा-अष्टमी नगरपालिकांच्या हद्दीत मुख्य नाल्यांवर असे नमुने घेण्याची ठिकाणे ठरवता येतील. ग्रामीण भागात उपकेंद्रावर येणाऱ्या तापाच्या रुग्णांची साप्ताहिक नोंद तेच काम करू शकते. ही नोंद आजही होते, फक्त ती वर अलिबागला आणि पुण्याला जाते, गावाकडे परत येत नाही. ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला खर्च येत नाही: गेल्या आठवड्यात आपल्या उपकेंद्रात तापाचे किती, त्याआधीच्या आठवड्यात किती, आणि किती झाले की परिचारिका तालुक्याला कळवणार.